‘ये’ म्हणायची सवय

कोरियात ‘हो’ला ‘ये’ म्हणतात. साहेबाने काम सांगितलं की ये, सासऱ्यांनी ग्लास पुढे केला की ये, दुकानदाराने पिशवी हवी का विचारलं की ये. आपल्या कानाला ते कुणाला तरी घरात बोलावल्यासारखं ऐकू येतं. संगणकाच्या पडद्यावर मध्येच एखादी खिडकी उघडते आणि काहीतरी विचारते, तेव्हा तिच्या तळाला दोन बटणं असतात. डावीकडचं हेच ‘ये’. उजवीकडचं ‘आनियो’, म्हणजे नाही. ते कुणी दाबत नाही. दाबलं तर पान उघडतच नाही, मग दाबायचं कशाला?

थाक इन-सुकची अर्धी नोकरी त्या डावीकडच्या बटणावर गेली होती. सिह्वाच्या औद्योगिक वसाहतीत प्यो साजांगचा प्लेटिंगचा, म्हणजे धातूच्या सुट्या भागांना मुलामा द्यायचा, कारखाना आहे, तिथे ती चाजांग. साजांग म्हणजे मालक, आणि चाजांग म्हणजे त्याच्या हाताखाली अख्खं ऑफिस ओढणारं माणूस. हाक मारताना मागे ‘निम’ लावायचं, म्हणजे आपलं ‘साहेब’. सकाळी कोट काढायच्या आधी ती कोपऱ्यातला जुना संगणक सुरू करायची, त्यातला त्याच्याहून जुना ब्राउझर उघडायची, आणि खिडक्या यायला लागायच्या. सुरक्षेचा प्रोग्रॅम बसवायचा का? ये. कीबोर्डवर पहारा ठेवणारा प्रोग्रॅम बसवायचा का? ये. हा प्रोग्रॅम तुमच्या संगणकात फेरबदल करील, चालेल का? ये रे बाबा, ये. बँकेच्या पानावर हेच, कर भरायच्या पानावर हेच, शाळेच्या दाखल्यासाठी हेच. सुरक्षेच्या नावाखाली अख्ख्या देशाला न वाचता हो म्हणायला शिकवलं होतं, आणि लोक इतके शिकले की त्यांची बोटं झोपेतसुद्धा डावीकडे गेली असती.

खिडक्या संपल्या की हिरवे आकडे दिसायचे. खालच्या हॉलमध्ये टाक्यांच्या दोन रांगा होत्या, एक आम्लाची, दुसरी सायनाइडची. एकीचं पाणी दुसरीत गेलं की विषारी वायू उठतो, म्हणून ते जाऊ द्यायचं नाही हे शिकाऊ माणसालाही पहिल्या दिवशी सांगतात, पण ओल्या सुट्या भागांवरून थेंब गळतात, आणि थोडं विष हवेत उठतंच. ते ओढून बाहेर फेकायला छपरावर दोन मोठे पंखे. एक चालायचा, तो तापून बंद पडला की दुसरा आपोआप सुरू व्हायचा. दुसरा सुरू करायचं काम संगणकाचं. हवेतलं विष मोजायचं काम संगणकाचं. ते वाढलं तर भोंगा वाजवायचं कामही त्याचंच. आणि त्या हॉलमध्ये इन-सुकचा नवरा छू मान-सोक लग्नाच्या आधीपासून काम करत होता.

म्हणजे त्या हिरव्या आकड्यांवर तिच्या नवऱ्याचा श्वास चालला होता, सरळ आहे. हे तिला चांगलं कळायचं, आणि तरीही ती रोज कोटाची बटणं सोडवत सोडवत न बघता ‘ये’ दाबायची. सवय माणसाला किती आंधळं करते याचा हिशोब कुणी मांडत नाही.

हे आकडे दाखवणारं आणि पंखे चालवणारं पान प्यो साजांगच्या लष्करातल्या एका मित्राने बनवून दिलं होतं. तेव्हा तो ब्राउझर सगळ्यांकडे असायचा, त्यामुळे पान फक्त त्याच्यातच चालेल याचं कुणाला काही वाटलं नाही. पुढे मित्राने दुकान गुंडाळलं आणि जेजू बेटावर संत्र्यांची बाग घेतली. आता त्याला फोन केला की तो तिकडचं हवामान सांगायचा आणि पंख्यांचा विषय काढला की रेंज जायची.

मग ज्या कंपनीचा तो ब्राउझर, तिनेच जाहीर केलं की आता आम्ही याच्याकडे बघणार नाही, तुम्हीही सोडा याला. इन-सुक साजांगच्या खोलीत गेली.

“साजांगनिम, पंख्यांचं पान नव्याने करून घ्यायला हवं. तो ब्राउझर बंद होतोय.”

“बंद म्हणजे? उद्यापासून उघडणार नाही?”

“उघडेल. पण त्याला कुठे भोक पडलं तर बुजवणारं कुणी नसेल. कुणीही आत शिरेल.”

“म्हणजे उघडतोय ना.” प्यो साजांगने कॉफीची पुडी फाडून कपात ओतली आणि रिकाम्या पुडीनेच ढवळली. “थाक चाजांग, गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणून डॉक्टर कधीचा माझ्या मागे लागलाय. मी चालतोय की नाही?”

“लंगडताय, साजांगनिम.”

“पण चालतोय.” तो हसला. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी मयत झाली तर पहिली गाडी त्याची असायची. फक्त जे दिसत नाही त्याच्यावर खर्च करायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं, आणि कारखान्यात सगळ्यात महत्त्वाचं जे असतं ते नेमकं दिसत नाही. “पुढच्या वर्षी बघू,” तो म्हणाला. “यंदा नवी लाइन टाकतोय ना.”

ती ‘ये’ म्हणून वाकली आणि बाहेर आली.

पुढचं वर्ष आलं आणि वेगळंच संकट घेऊन आलं. बातम्यांत सांगायला लागले की फेब्रुवारीत एक अपडेट येणार आहे, आणि तो अपडेट जुन्या ब्राउझरला तुमच्या संगणकावरून आपणहून काढून टाकणार आहे. प्यो साजांगने पेपर हातात घेऊनच तिला बोलावलं.

“हे लोक माझ्या घरात शिरून माझंच सामान बाहेर फेकणार?”

“चांगल्यासाठीच करतायत ते, साजांगनिम. आता तरी आपण...”

“त्या संगणकाचे अपडेट बंद कर. सगळे. कायमचे.”

इन-सुकला काय म्हणायचं होतं ते सगळं तिच्या ओठांवर होतं. अपडेट बंद करायचे म्हणजे दाराची कडी काढून ठेवायची, हे तिला माहीत होतं. पंख्यांचा संगणक निदान बाहेरच्या जगापासून तोडून ठेवू या, असं तिला सांगायचं होतं. पण त्याच संगणकावर एका मोठ्या गिऱ्हाइकाचं ऑर्डरींचं पान उघडायचं, तेही जुन्याच ब्राउझरमध्ये, आणि ऑर्डरींना हात लावलेला साजांगला खपला नसता. तिने तोंड उघडलं. साजांगने पेपरची घडी घातली आणि तिच्याकडे पाहिलं.

“ये,” ती म्हणाली.

तिला मूग गिळून बसणारी म्हणणं सोपं आहे. पण वरिष्ठ माणसाने वाक्य संपवलं की त्यावर ‘ये’ हेच उत्तर असतं, हे तिथे पोराला पहिलं अक्षर शिकायच्या आधी शिकवतात. ‘आनियो, साजांगनिम’ म्हणणारी माणसं कारखान्यात असतात, पण फार दिवस नसतात. तिने जाऊन अपडेट बंद केले. संगणकाने विचारलं, असं केल्याने धोका वाढेल, खात्री आहे का? तिने डावीकडचं बटण दाबलं.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मान-सोक तिच्यासमोर ताट घेऊन बसला. कॅन्टीनमध्ये तो तिला मुद्दाम ‘चाजांगनिम’ म्हणायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“काय चाजांगनिम, आज किमचीला तोंड नाही लावलं? वरच्या मजल्यावरच्या लोकांना आता हे तिखट लागतं वाटतं.”

“अहो, गप्प बसा जरा.”

“साजांग ओरडला?”

तिने त्याला अपडेटचं सांगितलं. त्याने रश्श्याचा वाडगा तोंडाला लावून संपवला आणि खाली ठेवला.

“म्हणजे आता काय होणार?”

“काही नाही होणार. बहुतेक.”

“मग झालं तर. आम्ही खाली जीव मुठीत धरून काम करतो असं तुला वाटतं ना? तसं काही नाही. आम्हाला माहीत असतं, वर आपली बाई बसलीये, आकड्यांवर डोळा ठेवून.” तो उठला, आणि जाताना तिच्या ताटातली तळलेली मासळी उचलून घेऊन गेला. ‘आपली बाई’ हे शब्द दिवसभर तिच्या मनातून हलले नाहीत.

त्यानंतर काही आठवडे काहीच झालं नाही. हे काहीच न होणं फार वाईट. माणूस आधी घाबरतो, मग सैलावतो, मग आपण घाबरलो होतो याचीच त्याला लाज वाटते. प्यो साजांग तर तिला जिन्यात भेटला की म्हणायचा, “काय, आला का चोर?” आणि ती हसायची.

चोर आला तो दुपारी, ऑर्डरींच्या पानातून. ती घाईत होती. एक खिडकी उघडली, सुरक्षेच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली आहे, बसवायची का? तिने ‘ये’ दाबलं. खिडकी मिटली आणि पान उघडलं. त्या खिडकीची कड नेहमीपेक्षा किंचित जाड होती आणि तिच्यातल्या एका शब्दाचं शुद्धलेखन चुकलं होतं, हे तिला नंतर आठवलं. नंतर सगळंच आठवतं.

मग छोट्या छोट्या गोष्टी. पडद्यावरचा बाण तिचा हात माउसवर नसताना जरासा सरकायचा. संगणकाचा पंखा रिकाम्या वेळीही घरघरायचा. एकदा सकाळी ती आली तर पान आधीच उघडलेलं होतं, आणि आदल्या संध्याकाळी आपण बंद केलं होतं अशी तिची खात्री होती. तिने साजांगला सांगितलं. “म्हातारा झालाय तो,” साजांग म्हणाला. “म्हाताऱ्यांना झोप लागत नाही.”

तो दिवस फार थंडीचा होता. समुद्राकडून असा वारा सुटला होता की खालच्या लोकांनी हॉलचं शटर ओढून घेतलं आणि दारावरचे जाड प्लास्टिकचे पडदे आतून बांधून टाकले. संध्याकाळी माल जायचा होता, म्हणून सगळ्या टाक्या चालू होत्या. इन-सुक जेवून वर आली, कॉफी केली आणि सवयीने कोपऱ्यातल्या पडद्याकडे पाहिलं. सगळं हिरवं. ती बिलं करायला बसली. परत पाहिलं. सगळं हिरवं. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तिला काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना.

मग कळलं. आकडे हलत नव्हते. हवा मोजणारा आकडा कधी एका जागी ठरायचा नाही, त्यातला शेवटचा अंक सारखा वर-खाली थरथरायचा. इतक्या वर्षांत तिने त्याला स्थिर पाहिलेलं नव्हतं. आता तो भिंतीवर रंगवल्यासारखा थांबला होता. तिने पान पुन्हा उघडायचं बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मध्ये एक खिडकी आली. मोडक्यातोडक्या कोरियनमध्ये लिहिलं होतं, तुमच्या सगळ्या फायली आमच्याकडे आहेत, परत हव्यात का? खाली एकच बटण होतं, ‘ये’. उजवीकडची जागा रिकामी होती.

तिने साजांगला फोन लावला. तो गाडीत होता, गिऱ्हाइकाकडे निघालेला.

“साजांगनिम, पंख्यांचं पान गेलं. कुणीतरी आत शिरलंय. हॉल रिकामा करायला हवा.”

“थांब, थांब. शेवटचं काय दिसत होतं पडद्यावर?”

“हिरवंच होतं, पण ते आकडे...”

“मग हिरवंच असणार. हे बघ, खाली जाऊन लोकांना घाबरवू नकोस. लाइन थांबली तर टाक्यांतला सगळा माल वाया जातो. आज माल पोचला नाही तर हे लोक मला परत दारात उभं करणार नाहीत. मी संगणकाचा माणूस पाठवतो, तो येईपर्यंत तू तिथेच बसून राहा. कळलं?”

“ये.”

तिच्या तोंडून ते गेलं. तिने म्हटलं नाही, ते गेलं. फोन ठेवल्यावर ती खरंच खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून. किती वेळ बसली ते पुढे तिला पोलिसांनी विचारलं, कामगार खात्याच्या माणसाने विचारलं, आणि तिने स्वतःला तर रोज विचारलं. तिला सांगता येईना. एवढंच आठवत होतं की भानावर आली तेव्हा कपातली कॉफी निवून तिच्यावर साय धरली होती.

तिने हॉलचा फोन लावला. बराच वेळ वाजला.

“बोला, चाजांगनिम,” मान-सोक ओरडून म्हणाला. मागे यंत्रांचा गोंगाट होता.

“अहो, पंखा चालू आहे का?”

“ते मी तुला विचारायचं की तू मला? इथे स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. आकडे काय म्हणतायत?”

तिने काळ्या पडद्याकडे पाहिलं.

“इन-सुक?” त्याने किती तरी दिवसांनी तिला नावाने हाक मारली. “आकडे काय म्हणतायत?”

“आकडे नाहीत. आकडे मेलेत. बाहेर या तुम्ही, सगळे बाहेर या.”

तो खोकला. मग म्हणाला, “तरीच मघापासून डोकं जड झालंय. मला वाटलं किमची बाधली.” त्याने फोन खाली न ठेवताच सोडला असावा, कारण तिला पुढचं सगळं ऐकू आलं. तो ओरडत होता, बाहेर, सगळं टाका आणि बाहेर. शटर वर सरकल्याचा खडखडाट झाला. कुणीतरी खोकत होतं. मग तोच आवाज लांबून, टोकाच्या टाकीकडून, कुणाला तरी नावाने हाका मारत होता.

ती जिन्यावरून धावली. बाहेर बर्फात माणसं गुडघ्यांवर बसून ओकत होती. ती एकेकाचा चेहरा वर करून बघत गेली. शेवटी धडपडत जो बाहेर आला तो टोकाच्या टाकीवरचा व्हिएतनामी कामगार होता, कानात बोळे घातलेला, ज्याला हाका ऐकूच गेल्या नव्हत्या. त्याला कुणीतरी पाठीवर लाथ घालून दाराबाहेर ढकललं होतं. ती आत शिरायला लागली तेव्हा दोघांनी तिला कमरेला धरून मागे खेचलं, आणि ती त्यांना चावली. प्लास्टिकच्या पडद्यांच्या पलीकडे, अगदी दारापाशी, मान-सोक पालथा पडलेला दिसत होता. त्याचा एक हात पुढे पसरला होता. अग्निशमनची माणसं येईपर्यंत ती त्या हाताकडे बघत राहिली.

छपरावर चढून पाहिलं तेव्हा पहिला पंखा तापून बंद पडला होता. दुसरा पंखा चांगला ठणठणीत होता. त्याला सुरू हो म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

दवाखान्याच्या व्हरांड्यात प्यो साजांग तिच्यासमोर कमरेत वाकला आणि वाकलेलाच राहिला. त्याचे खांदे हलत होते. तो खरंच रडत होता. मग तो सरळ झाला, चेहरा पुसला, शेजारी उभ्या असलेल्या कामगार खात्याच्या माणसाकडे एकदा पाहिलं आणि हळूच म्हणाला, “पडदा हिरवा होता असं म्हणाली होतीस ना तू, थाक चाजांग?”

“ये,” ती म्हणाली, कारण ते खरं होतं. माणसाने ते लिहून घेतलं.

“अपडेट तुम्हीच बंद केले होते?” माणसाने विचारलं.

“ये.”

“ती खिडकी आली तेव्हा बटण तुम्हीच दाबलं?”

“ये.”

कुणाच्या सांगण्यावरून, हे त्या माणसाने विचारलं नाही. आणि न विचारलेलं सांगायची तिला सवय नव्हती.

मान-सोकचं हृदय चालत होतं. बाकी फारसं काही चालत नव्हतं. त्याला पलंगावर निजवून नळ्या लावल्या होत्या, आणि उशाशी एक यंत्र त्याच्या छातीत हवा भरत होतं. बर्फ वितळलं, दवाखान्याबाहेरच्या झाडांना कळ्या आल्या, तरी तो तसाच होता. एका सकाळी डॉक्टर तिच्याशी फार हळू आवाजात बोलले. ते गेल्यावर नर्स एक सपाट पडद्याचं यंत्र घेऊन आली.

“हे वाचून इथे दाबायचं,” ती म्हणाली, आणि तिचं बोट डावीकडे होतं.

इन-सुकने चष्मा काढून पुसला आणि परत घातला. वरपासून वाचायला लागली. उपचार थांबवण्यास आपली संमती आहे का, याच्या आधी बराच मजकूर होता, बारीक अक्षरांत, आणि तिने त्यातला शब्द न् शब्द वाचला. नर्स पाय बदलून उभी राहिली. असा मजकूर शेवटपर्यंत वाचणारं माणूस तिला बहुधा पहिल्यांदाच भेटलं असावं. इन-सुकलाही ते पहिल्यांदाच भेटत होतं.

“आनियो दाबलं तर काय होतं?” तिने विचारलं.

“काही नाही होत, बाई. जसं चाललंय तसं चालू राहतं.”

“पान बंद नाही होत?”

“पान?” नर्सला कळलं नाही. “नाही, काहीच बंद होत नाही.”

इन-सुक त्या बटणाकडे बघत बसली. एवढंच होतं तर. इतकी वर्षं ते तिथेच होतं, बोटभर अंतरावर, आणि दाबलं तर जग बुडेल असं तिला वाटायचं. तिने उजवीकडे दाबलं. नर्स यंत्र घेऊन गेली.

तिने खुर्ची वळवून उशाशेजारच्या पडद्याकडे तोंड केलं. तिथेही आकडे होते, हिरवेच. पण शेवटचा अंक थरथरत होता, वर, खाली, परत वर. तिने त्यांच्यावरची नजर काढली नाही.

दाराशी कुणीतरी खाकरलं. प्यो साजांग होता, हातात पेरूच्या रसाच्या बाटल्यांचा खोका, गुडघा दुखत असल्यामुळे चौकटीला टेकून उभा. चौकशीत तिचं नाव वर जाणार होतं की त्याचं, हे अजून ठरायचं होतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

“थाक चाजांग,” तो मऊ आवाजात म्हणाला. “आत येऊ का?”

तिची जीभ उचलली गेली. तो शब्द तयारच होता, नेहमीच्या जागी, दातांच्या मागे.

“आनियो,” ती म्हणाली, आणि आकड्यांकडे बघत राहिली.